जुना, न मिळणारा चित्रपट शोधायचा कसा? मराठवाड्यातून सुरुवात करणाऱ्यांसाठी

पैठणच्या माझ्या आजीने तिच्या वडिलांकडून ऐकलेले एक वाक्य आमच्या घरात कितीतरी वर्षे फिरत होते: "बालगंधर्वांनी नाथ महाराजांचं काम केलेला 'महात्मा' ज्यानं पाहिला नाही, त्यानं सिनेमा काय पाहिला!" हा 'महात्मा' शोधायला मी बसलो, तेव्हा फुल्यांवरचे आणि गांधींवरचे चित्रपट मिळाले, नाथांवरचा मात्र मिळेना. पुढे एका ग्रंथालयातील जुन्या बांधीव अंकात उलगडा झाला. प्रभात फिल्म कंपनीने १९३५ साली व्ही. शांताराम यांच्या दिग्दर्शनाखाली संत एकनाथांवर चित्रपट केला, त्याचे नाव 'महात्मा' ठरले होते. परंतु त्या नावातून गांधीजींकडे निर्देश होतो म्हणून सेन्सॉरने हरकत घेतली आणि चित्रपट 'धर्मात्मा' या नावाने लागला. पणजोबांच्या डोक्यात मात्र आधीचेच नाव बसले होते. मग 'धर्मात्मा' शोधायला घेतला, तर फिरोज खान यांचा १९७५चा हिंदी चित्रपट पुढे उभा राहिला. केवळ नावापायी माझे दोन महिने गेले.

म्हणून या लेखात चित्रपट कोठे मिळतो याच्या आधी, आपण नेमका कोणता चित्रपट शोधत आहोत हे कसे ठरवावे यावर अधिक भर दिला आहे. 'हरवलेले' म्हणून ज्यांची नावे घेतली जातात त्यांतील बरेच चित्रपट चुकीच्या नावाखाली, चुकीच्या सालाखाली किंवा दुसऱ्या भाषेतील आवृत्तीच्या मागे दडलेले असतात. पुण्यामुंबईच्या माणसाला संग्रहालय गाठायला रिक्षा पुरते. लातूर, नांदेड, परभणी किंवा धाराशिवहून निघणाऱ्याला एक फेरी म्हणजे दोन दिवस आणि पदरचे पैसे. ती फेरी वाया जाऊ नये, एवढ्यासाठी हा खटाटोप.

जवळ काय असावे

- एक जाड वही, जिच्यात प्रत्येक चित्रपटाला स्वतंत्र पान असेल
- आधार कार्ड किंवा अन्य ओळखपत्र, त्याच्या दोन छायाप्रती
- महाविद्यालय, ग्रंथालय किंवा एखाद्या संस्थेचे शिफारसपत्र (पायरी ६ पाहा)
- तबकडी (सीडी, व्हीसीडी) वाचणारा बाहेरून जोडायचा ड्राइव्ह आणि किमान एक हार्ड डिस्क
- सुती हातमोजे आणि मऊ सुती कापड
- उर्दू वाचता येणारी ओळखीची व्यक्ती; हे का, ते पुढे कळेल

१. चित्रपटाची ओळख पक्की करावी

बहुतेक शोध घरातील ज्येष्ठांच्या आठवणीपासून सुरू होतो. त्यांना "नाव काय होते?" असे थेट विचारू नये, कारण ते आठवले नाही की माणूस खजील होऊन बोलणेच थांबवतो. त्याऐवजी कोठे पाहिला, कोणाबरोबर पाहिला, तंबूत की पक्क्या थिएटरात, गावात जाहिरात कशी फिरली, असे विचारावे. साल विचारायचे असेल तर आपल्याकडच्या खुणा वापराव्यात: पोलीस ॲक्शनच्या आधी की नंतर, बाहत्तरच्या दुष्काळाच्या आधी की नंतर, किल्लारीच्या भूकंपाच्या आधी की नंतर. सप्टेंबर १९४८, १९७२ आणि ३० सप्टेंबर १९९३ या तीन खुंट्यांना आठवणी बऱ्यापैकी टांगता येतात.

येथे एक सापळा आहे. गावात चित्रपट पाहिला ते साल म्हणजे प्रदर्शनाचे साल नव्हे. शहरांतून फिरून झिजलेली प्रिंट जत्रेतल्या तंबूपर्यंत पोहोचायला कित्येक वर्षे लागत. माळेगावच्या यात्रेत १९७४ साली पाहिलेला चित्रपट १९५९चाही असू शकतो. म्हणून आठवणीतले साल ही वरची मर्यादा समजावी आणि शोध तेथून मागे न्यावा.

दुसरी वाट गाण्याची. नाव विसरलेल्या माणसाला ध्रुपदाची एखादी ओळ हमखास आठवते. ती जशीच्या तशी उतरवून 'आठवणीतली गाणी' या संकेतस्थळावर शोधल्यास पुष्कळदा चित्रपटाचे नाव, गीतकार आणि संगीतकार एकदम हाती येतात. माझा अनुभव असा की ज्येष्ठ मंडळी नटांच्या नावांत गोंधळ करतात, पण चालीत सहसा चुकत नाहीत.

नाव मिळाल्यावर तीन गोष्टी तपासाव्यात.

पहिली, भाषा. प्रभातच्या काळात एकच चित्रपट दोन भाषांत होत असे: 'कुंकू' (१९३७) हिंदीत 'दुनिया न माने' झाला, 'माणूस' (१९३९) 'आदमी' झाला, 'शेजारी' (१९४१) 'पडोसी' झाला. ही पद्धत पुढेही टिकली. 'उंबरठा' (१९८२) हिंदीत 'सुबह' नावाने आहे. वडीलधाऱ्यांनी नक्की कोणती आवृत्ती पाहिली हे विचारून घ्यावे. एक आवृत्ती दुर्मीळ आणि दुसरी सहज उपलब्ध, असे घडू शकते.

दुसरी, त्याच नावाचे अन्य चित्रपट. बाबूराव पेंटर यांनी 'सावकारी पाश' १९२५ साली मूकपट म्हणून केला आणि १९३६ साली तोच विषय बोलपट म्हणून पुन्हा केला. 'श्यामची आई' म्हटल्यावर आपल्याला आचार्य अत्रे यांचा १९५३चा चित्रपट अभिप्रेत असतो, पण त्या नावाचा २०२३चाही चित्रपट आहे. वहीत नावाच्या आधी साल लिहिण्याची सवय लावून घ्यावी, ती फार उपयोगी पडते.

तिसरी, संतांची नावे. आपला मुलूख संतांचा: नरसीचे नामदेव, गंगाखेडच्या जनाबाई, तेरचे गोरोबाकाका, पैठणचे नाथ. यांच्यावर वेगवेगळ्या काळात चित्रपट निघाले आणि लोकांच्या तोंडी ते 'जनाबाईचा', 'गोरोबाचा' असेच राहिले. "गोरोबाचा सिनेमा" एवढ्यावर शोधाला निघू नये.

२. कागद आधी पाहावा, पडदा नंतर

नवखा माणूस थेट चित्रपट शोधतो. थोडा अनुभव घेतलेला माणूस आधी त्या चित्रपटाचा कागद शोधतो. थिएटरच्या दारात विकल्या जाणाऱ्या गाण्यांच्या पुस्तिका, हँडबिले, वृत्तपत्रांतील जाहिराती आणि थिएटरमालकांच्या वह्या, हा तो कागद. चार पानांच्या पुस्तिकेवरून कलावंत, निर्मिती संस्था, गाणी आणि कथेचा सारांश एवढे सारे मिळते, आणि ती जुन्या पेटीत, पोथ्यांच्या गठ्ठ्यात किंवा कपाटाच्या तळाशी अंथरलेलीही सापडते.

वृत्तपत्रांसाठी आपल्या गावातील सर्वांत जुन्या सार्वजनिक वाचनालयापासून सुरुवात करावी. छत्रपती संभाजीनगरमध्ये बलवंत वाचनालय आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाचे ग्रंथालय ही नैसर्गिक ठिकाणे आहेत. अनंत भालेराव ज्याचे संपादक होते त्या 'मराठवाडा' वृत्तपत्राचे जुने अंक जेथे असतील तेथे बातम्या सोडून फक्त जाहिरातींचे रकाने पाहावेत. कोणत्या गावात कोणत्या आठवड्यात कोणता खेळ होता हे तेथे मिळू शकते. बांधीव अंक चाळताना पान कोपऱ्याला धरून उलटावे, कडा भुगा होऊन हातात येतात. छायाचित्र काढण्यापूर्वी ग्रंथपालांची परवानगी घ्यावी.

आता उर्दूचे. १७ सप्टेंबर १९४८पर्यंत आपण निजामाच्या राज्यात होतो आणि त्या राज्याचा कारभार उर्दूत चालत असे. त्या काळातील कागद हाती आला तर तो उर्दूत असण्याची शक्यता धरून चालावे आणि वाचता येत नाही म्हणून बाजूला टाकू नये. माझ्या हाती आलेले एक हँडबिल मी वर्षभर उलटे धरून पाहत होतो; शेजारच्या निवृत्त शिक्षक चाचांनी ते चहा संपायच्या आत वाचून दिले.

याचाच एक धागा पुढे जातो. मराठवाडा १९५६ साली मुंबई राज्यात आणि १९६० साली महाराष्ट्रात आला, तरी चित्रपट व्यवसायाच्या नकाशात आपले जिल्हे 'निजाम' विभागातच राहिले. हिंदी चित्रपटाच्या जुन्या पोस्टरांचा वा वितरकाच्या नोंदींचा माग काढताना पुण्यामुंबईइतकेच हैदराबादकडेही पाहावे, ते यासाठीच.

बंद पडलेल्या एकपडदा थिएटरांचे मालक आणि तेथील ऑपरेटर हा आणखी एक स्रोत. मालकांकडे 'डीसीआर', म्हणजे रोजच्या जमा रकमेचे तक्ते, शिल्लक असतील तर त्यांवर चित्रपटाचे नाव आणि तारीख असते. ऑपरेटरकाकांकडे जाताना घाई करू नये. त्यांना कथा आठवेलच असे नाही. पण कोणती प्रिंट कितव्या रिळाला तुटायची हे ते बोटांवर सांगतात, आणि तेही आपल्या कामाचे असते.

३. चित्रपट शिल्लक आहे का, हे विचारावे

काही शोध सुरू होण्यापूर्वीच संपलेले असतात आणि ते वेळीच कळलेले बरे. भारतात मूकपटांच्या काळात तेराशेच्या आसपास चित्रपट झाले, त्यांतील अगदी मोजके उरले आणि तेही बरेचसे तुकड्यांत. 'राजा हरिश्चंद्र' (१९१३) पूर्ण स्वरूपात उरलेला नाही. पहिला भारतीय बोलपट 'आलम आरा' (१९३१) याची एकही प्रिंट माहीत नाही. १९२५चा 'सावकारी पाश'ही गेला. याउलट 'अयोध्येचा राजा' (१९३२) आणि 'संत तुकाराम' (१९३६) आज पाहता येतात.

कारणे साधी आहेत. १९५०च्या सुमारापर्यंत वापरात असलेली नायट्रेट फिल्म ज्वालाग्राही असे आणि जपली नाही तर चिकट होऊन तिची भुकटी होई. धंदा संपलेल्या प्रिंटा त्यांतील चांदी काढण्यासाठी विकल्या जात. पुण्याचे राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ साली स्थापन झाले, तोवर पुष्कळ नुकसान होऊन गेले होते. संग्रहालय उभारणाऱ्या पी. के. नायर यांनी गावोगाव हिंडून जे मिळवले त्यावर आज आपण उभे आहोत. त्यानंतरही जानेवारी २००३मध्ये पुण्यात नायट्रेट फिल्मच्या साठ्याला आग लागून मोठा ठेवा जळाला.

४. घरबसल्या शोध

यूट्यूबवर शोधताना देवनागरीत, रोमन लिपीतील चार-पाच प्रकारच्या स्पेलिंगांनी आणि हिंदी आवृत्तीच्या नावानेही शोधावे. कालावधीची चाळणी लावून वीस मिनिटांपेक्षा मोठेच व्हिडिओ पाहावेत, म्हणजे गाण्यांचे तुकडे गळतात. नाव टाकून काही आले नाही तर दुय्यम नटाचे नाव आणि साल टाकून पाहावे. चढवणाऱ्याने शीर्षकात भलतेच लिहिलेले असते. 'इंडियनसिने डॉट एमए' हा भारतीय चित्रपटांचा संग्रह आणि 'इंटरनेट आर्काइव्ह' यांवरही नजर टाकावी. मराठीपुरते म्हणाल तर 'अल्ट्रा झकास'सारख्या सशुल्क सेवांवर जुने चित्रपट येत-जात असतात, तेव्हा दर काही महिन्यांनी पुन्हा पाहावे.

दुर्मीळ चित्रपट पेन ड्राइव्हवर देतो म्हणून आगाऊ रक्कम मागणारे लोक भेटतील. मी एकदा पैसे पाठवले आणि यूट्यूबवरचाच चित्रपट, कोपऱ्यातील चिन्ह पुसट करून, मला परत मिळाला. मधल्या कोणत्याही दोन मिनिटांचा नमुना आधी मागावा.

५. मिळालेली प्रत पूर्ण आहे का, हे मोजावे

हे कोणी सांगत नाही, म्हणून थोडे विस्ताराने सांगतो. जुन्या चित्रपटाच्या सुरुवातीला सेन्सॉरचे प्रमाणपत्र काही क्षण दिसते. तेथे चित्र थांबवावे आणि रिळांची संख्या व लांबी उतरवून घ्यावी. ३५ मिलिमीटरची फिल्म सेकंदाला २४ चौकटी (फ्रेम) या वेगाने मिनिटाला ९० फूट, म्हणजे सुमारे २७.४ मीटर धावते. प्रमाणपत्रावर ३,८४० मीटर असेल, तर चित्रपट १४० मिनिटांचा असायला हवा.

आता हातातील प्रत १३४ मिनिटांची भरली तर लगेच कापल्याची ओरड करू नये. आपल्याकडील दूरदर्शन, व्हीएचएस आणि व्हीसीडी सेकंदाला २५ चौकटींच्या पद्धतीवर चालत. त्यामुळे चित्रपट चार टक्के अधिक वेगाने धावतो आणि १४० मिनिटांचे १३४ होतात, आवाजही किंचित चढा लागतो. प्रत ११८ मिनिटांची असेल तर मात्र काहीतरी गेले आहे. बहुधा गाणी जातात, किंवा रिळाच्या टोकाचे प्रसंग, कारण रीळ बदलताना झीज तेथेच होते. गाण्यांची पुस्तिका जवळ असेल तर कोणते गाणे नाही ते लगेच कळते.

६. तबकड्या, कॅसेटी आणि पुण्याची फेरी

व्हीसीडीच्या काळात, साधारण २००० ते २०१०, अनेक मराठी चित्रपट पहिल्यांदा घरात आले आणि त्यांतील काही पुढे कोठेच आले नाहीत. बंद झालेली कॅसेट लायब्ररी, जुने सीडीवाले आणि संभाजीनगरचा जाफर गेटजवळचा रविवारचा बाजार ही शोधण्याची ठिकाणे. बाजारात सकाळी लवकर जावे. वेष्टन पाहून घेऊ नये, तबकडी बाहेर काढून पाहावी. मी उत्साहाने घेतलेल्या एका तमाशापटाच्या डबीत पहिली तबकडी त्या चित्रपटाची आणि दुसरी सत्यनारायणाच्या कथेची निघाली. एका व्हीसीडीवर सुमारे ७४ ते ८० मिनिटे मावतात, तेव्हा लांब चित्रपट दोनच तबकड्यांवर असेल तर पायरी ५ आठवावी.

तबकडी मधून कडेकडे सरळ रेषेत पुसावी, गोल गोल नव्हे. छापील बाजूचा ओरखडा चकाकणाऱ्या बाजूच्या ओरखड्यापेक्षा वाईट, कारण नोंद त्या बाजूलाच लगटून असते. संगणकावर 'एमपीईजीएव्ही' या कप्प्यातील 'डॅट' फाइल थेट हार्ड डिस्कवर उतरवावी. व्हीएलसी या प्लेअरमध्ये ती चालते. व्हीएचएस कॅसेटच्या फितीच्या कडेला पांढरी भुकटी दिसली तर ती बुरशी आहे. ती यंत्रात घालू नये, नाहीतर पुढच्या प्रत्येक कॅसेटला तीच लागण होते.

हे सारे करून काही मिळाले नाही, तर पुणे. राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय २०२२ साली राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन झाले, त्यामुळे जुने पत्ते आणि दुवे पाहून पत्र पाठवू नये. सध्याच्या संकेतस्थळावरून खात्री करावी. थेट जाऊन दारात उभे राहू नये. आधी लेखी विनंती करावी आणि तीत चित्रपटाचे नाव, साल, भाषा, निर्मिती संस्था, पाहण्याचा हेतू आणि आपल्याला चित्रपट पाहायचा आहे की पुस्तिका, छायाचित्रे, पोस्टर पाहायचे आहे, हे स्वच्छ लिहावे. विद्यार्थी वा अभ्यासक असाल तर विभागप्रमुखांचे शिफारसपत्र जोडावे. नसाल तर गावच्या वाचनालयाचे पत्रही उपयोगी पडते. शुल्क आणि दिवस लेखी ठरल्यावरच तिकीट काढावे. संभाजीनगरहून एसटीने पुणे सुमारे २३५ किलोमीटर आहे, नांदेडकरांनी रात्रीची गाडी धरावी, आणि संग्रहालयाच्या ग्रंथालयासाठी वेगळा अर्धा दिवस राखून ठेवावा. मला चित्रपटापेक्षा तेथील जुन्या नियतकालिकांतच अधिक सापडले.

७. रीळच सापडले तर

वाड्यात किंवा बंद थिएटरच्या केबिनमध्ये पत्र्याच्या डब्यातील रीळ सापडले, तर पहिला मोह ते उलगडून उजेडात धरण्याचा होतो. तो आवरावा. फिल्मच्या कडेला इंग्रजीत 'सेफ्टी' असे छापलेले दिसले नाही आणि चित्रपट १९५०च्या सुमाराचा किंवा त्याआधीचा असेल, तर ती नायट्रेट आहे असे धरूनच वागावे. सडलेली नायट्रेट फिल्म चाळीस अंशांच्या आसपास दीर्घकाळ राहिली तर आपोआप पेटू शकते, आणि पेटल्यावर पाण्यानेही विझत नाही. आपल्याकडील मे महिना आणि पत्र्याची खोली लक्षात घेता हे काही दूरचे भय नाही. १६ मिलिमीटरच्या फिल्मबाबत ही भीती सहसा नसते.

डबा उघडताच शिरक्याचा उग्र वास आला तर ती ॲसिटेट, म्हणजे 'सेफ्टी', फिल्म आहे आणि कुजू लागली आहे. ती इतर रिळांपासून दूर, सावलीत, हवेशीर जागी ठेवावी. हवाबंद पिशवीत बांधू नये. डब्यावरचे लेबल, चिठ्ठ्या आणि पहिल्या काही चौकटी हातमोजे घालून पाहाव्यात, छायाचित्रे काढावीत आणि पुण्याच्या संग्रहालयाला किंवा मुंबईच्या फिल्म हेरिटेज फाउंडेशनला कळवावे. प्रोजेक्टरवर चालवून पाहू नये. कितीही जाणता ऑपरेटर असला तरी आकसलेल्या फिल्मची छिद्रे एका खेळात फाटतात.

८. हक्कांविषयी थोडे

भारतीय कायद्यानुसार चित्रपटाचे हक्क प्रदर्शनाच्या पुढील वर्षाच्या आरंभापासून ६० वर्षे राहतात. १९६४ साली प्रदर्शित झालेल्या चित्रपटाची मुदत ३१ डिसेंबर २०२४ रोजी संपली. मात्र गीतकार आणि संगीतकार यांचे हक्क त्यांच्या मृत्यूनंतर ६० वर्षांपर्यंत असतात, त्यामुळे चित्रपट मोकळा झाला म्हणजे त्यातील गाणीही मोकळी झाली असे नाही. नंतरच्या चित्रपटाची प्रत मिळाली तर ती स्वतःपुरती ठेवावी. गावात जाहीर खेळ लावायचा असेल तर निर्मात्यांच्या वारसांचे लेखी संमतिपत्र घ्यावे. वारसांचा पत्ता लागत नसेल, तर कोल्हापूरच्या अखिल भारतीय मराठी चित्रपट महामंडळाकडे विचारणा करता येते.

९. वहीतले पान

प्रत्येक पानावर साल, नाव, पर्यायी नावे, भाषा, कोणी सांगितले, कोठे विचारले, काय उत्तर आले आणि तारीख, एवढे असावे. नकारही लिहावा, नाहीतर तीन वर्षांनी आपण त्याच दुकानात तोच प्रश्न घेऊन उभे राहतो. माझ्या वहीत त्या तमाशापटाच्या पानावर सध्या अशी नोंद आहे: "पहिली तबकडी मिळाली, ६८ मिनिटे, मध्यंतरापर्यंत. दुसरीसाठी सीडीवाल्याला पुन्हा विचारणे. सत्यनारायणाची तबकडी त्याला परत करणे."